'आज्ञा व नियंत्रण': जोडीतला एक शब्द चुकला आहे

एका वाचकाचा प्रश्न: क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांच्या बातम्यांत 'कमांड अँड कंट्रोल'साठी 'आज्ञा व नियंत्रण' छापतात. दोन्हींचा अर्थ एकच ना? मग जोडी कशाला?

अर्थ एक नाही, पण 'आज्ञा'मुळे तसं वाटतं खरं. आज्ञा दिली, पाळली, संपली. कमांड म्हणजे सुटा हुकूम नव्हे. हुकूम देण्याचा अधिकार आणि त्याची जबाबदारी. 'साहेबांच्या हाताखाली चार तुकड्या आहेत' या बोलण्यात तो अर्थ बरोबर उतरतो. राज्य राखीव पोलीस दलातल्या कमांडंटला सरकारी मराठीत 'समादेशक' म्हणतात. त्यातला 'समादेश' इथे मला नेमका वाटतो.

'नियंत्रण'च्या मुळाशी 'यंत्र्' धातू आहे, म्हणजे आवळून धरणे. आपल्याकडे रेशनला 'कंट्रोलचं धान्य' म्हणत, तेही भाव आणि वाटा आवरून धरलेला म्हणून. लष्करी कंट्रोलमध्ये आवरणं आहेच, पण त्याआधी दिसणं आहे: आकाशात काय आहे, त्यात आपलं कोणतं, कोणत्या तुकडीने कशावर मारा करायचा.

हा फरक जिवावर बेततो. २३ मार्च २००३ला ब्रिटिश हवाई दलाचं टॉर्नेडो विमान इराकवरची मोहीम आटोपून कुवेतच्या तळाकडे परतत होतं. विमानाची ओळख पटवणारा संकेत पोचला नाही. जमिनीवरच्या अमेरिकी पॅट्रियट (विमानं व क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा) तुकडीच्या संगणकाने ते तुकडीच्या रडारचाच वेध घ्यायला येणारं क्षेपणास्त्र ठरवलं. स्वसंरक्षणासाठी मारा करण्याची मुभा तुकडीला होती. तिने क्षेपणास्त्र डागलं आणि विमानातले दोघेही गेले. तुकडीची संपर्कसामग्री तेव्हा अमेरिकेहून वाटेतच होती. मुख्यालयाशी बोलायचं तर शेजारच्या तुकडीमार्फत, रेडिओवरून. मुख्यालयाला दिसणारं आकाशाचं पूर्ण चित्र या तुकडीपुढे नव्हतंच. म्हणजे समादेशाने दिलेली मुभा हाती होती, नियंत्रण लंगडं होतं. दोन्हींना एकच समजलं तर ही चूक नेमकी कुठे झाली तेच सांगता येणार नाही.

म्हणून माझं मत: 'समादेश व नियंत्रण' लिहावं. कुणी 'हुकमत' सुचवतात. तो शब्द मला आवडतो, फक्त त्यात सत्ता गाजवण्याची छटा येते. 'नियंत्रण'च्या जागी 'ताबा' मात्र नको. गाडीवरचा ताबा सुटतो तिथे तो चपखल, पण युद्धाच्या बातमीत 'केंद्राचा ताबा' वाचलं की वाचक विचारील, कुणी घेतला?