आधी स्वतःच्या चुका बघा म्हणतात, मग ख्रिस्ती माणसानं दुसऱ्याला काही बोलायचंच नाही का?
बोलायचं की, पण नंतर. बायबलमधलं मत्तय ७:१-५ नीट वाचा, येशू म्हणतो आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, म्हणजे कुसळ काढायचंच आहे फक्त नंबर दुसरा. आमच्या सोलापूरकडं मळणीच्या टायमाला डोळ्यात कुसळ गेलं की कसं सलतं ते माहितीय, काढणाऱ्याचा हात हलकाच लागतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (६:१) येशूचा प्रेषित पौलपण चुकलेल्याला सौम्यतेनं सावरा म्हणतो, स्वतःकडं लक्ष ठेवून. मी धाकट्या भावाला चर्चमध्ये मोबाईल बघतो म्हणून सगळ्यांसमोर झापलं आणि स्वतः घरी महिनाभर आईशी धड बोलत नव्हतो. आधी आईची माफी मागितली, मग भावाशी एकट्यात बोललो, तेव्हा त्यानं ऐकलं.