डागलेलं शिंग परत उगवतंय, आता काय करायचं?

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही मोहोळ तालुक्यात शेडमध्ये १२ शेरडं सांभाळतो. एका बोकडाची शिंगं तो २० दिवसांचा असताना गावातल्या एकाकडून तापलेल्या सळईने डागून घेतली होती. दोनेक महिने डोकं साफ होतं, मग डाव्या बाजूला खुरटं वाकडं शिंग उगवलं, हात लावला की हलायचं. आता बोकड ५ महिन्यांचा आहे आणि परवा गव्हाणीत अडकून ते मोडलं, पार डोळ्यापर्यंत रक्त आलं. जखम सुकतीय पण परत कोंब दिसतोय. शेजारचे म्हणतात रबर बांधा, कोण म्हणतं ॲसिड लावा. परत डागून घेऊ का?

उत्तर : ताई, परत डागू नका, रबर नको आणि ॲसिड तर अजिबात नको. ॲसिड ओघळून डोळ्यात गेलं की डोळा गेलाच, आणि दुसऱ्या शेरडाने डोकं घासलं तर त्याचीही कातडी जळते. रबराने शिंग एका दिवसात पडत नाही, आठवडे न आठवडे जनावर दुखणं सोसतं आणि जखमेतून धनुर्वाताची भीती राहते ती वेगळीच.

आता हे उगवलं का ते सांगतो. शिंग कातडीतल्या कोंबापासून तयार होतं, तो कोंब काठासकट पूर्ण जळला नाही तर उरलेल्या तुकड्यातून असं खुरटं शिंग येतं. बोकडाच्या कोंबाचं बूड पाटीपेक्षा, म्हणजे मादी करडापेक्षा, रुंद असतं आणि पुढच्या, आतल्या बाजूला सरकलेलं असतं, सळईचा गोल बसवला तरी नेमका तोच कोपरा सुटतो. तुमच्या बोकडाचा नवा कोंब नीट बघा, बहुतेक कपाळाच्या मधल्या अंगालाच असेल. शिवाय २० दिवस म्हणजे उशीर झाला होता, डागायचंच तर साधारण पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत, तेही डॉक्टरांकडून बधिर करून. करडाची कवटी पातळ असते हो. मी सुरुवातीच्या काळात स्वतः एका करडाला सळई जास्त वेळ धरली होती, दुसऱ्या दिवशी ते दूध प्यायला उठलं नाही, मान मागं टाकली आणि तिसऱ्या दिवशी गेलं. आतल्या मेंदूला आच लागली होती. ते करडू अजून डोळ्यासमोर येतं म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

हलणारं शिंग हाडाला धरून नसतं, टकरीत मोडतं, परत येतं, परत मोडतं. बरेच बोकड यातच मोठे होतात आणि त्यांचं काही बिघडत नाही, म्हणून शिंगाला वाढू द्या पण लक्ष ठेवा. दर आठवड्याला शिंग आणि कातडी यांच्यामध्ये बोट जातंय का बघा. ते वळून डोळ्याकडे किंवा कवटीकडे यायला लागलं तर टोक कापून घ्यायचं, तारेच्या करवतीने, थोडं थोडं. शिंग हातात धरल्यावर जिथून गरम लागतं तिथून खाली रक्त खेळतं, तिथे करवत न्यायची नाही, कापताना गुलाबी दिसलं की थांबायचं. पहिल्यांदा डॉक्टरांना बोलवाच, १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं.

परत मोडलं तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून ५-१० मिनिटं धरा, सारखं उचलून बघू नका. रक्त थांबलं की जखम साफ करून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते डॉक्टरांना विचारा, आणि कडेने कडुलिंबाचं तेल लावा, डोळ्यापासून लांब. पावसाळ्यात माशी बसली तर दोन दिवसांत अळ्या पडतात. आणि गव्हाण बदला ताई, डोकं घालायच्या फटी एकतर सहज निघेल एवढ्या मोठ्या ठेवा नाहीतर डोकं जाणारच नाही एवढ्या लहान, मधलं माप सगळ्यात वाईट.

कोणी मुळापासून काढून देतो म्हणालं तर घाई करू नका. शिंगाच्या बुडाखाली पोकळी असते ती नाकापर्यंत जाते, उघडी पडली की कित्येक आठवडे पट्टी करत बसावं लागतं. बकरी ईदला विकायचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या, शिंग मुळातून मोडलेलं जनावर कुर्बानीला घेणारे सहसा नाकारतात.

पुढच्या करडांची शिंगं राहू द्या असं मला मनापासून वाटतं. शिंगातून रक्त फिरतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो तेव्हा जनावराला त्याची गरज असते.

प्रश्न : सांगोल्याहून विचारतो, ही शिंगांची कटकटच नको म्हणून भुंड्या, म्हणजे जन्मापासून बिनशिंगी, शेळ्यांना भुंडाच बोकड लावला तर?

उत्तर : नका लावू दादा. आपल्या उस्मानाबादी शेळ्यांत भुंड्या भरपूर असतात, त्यांना शिंगाचा बोकड लावा. भुंडेपणा आई आणि बाप दोघांकडून आला तर पाट म्हणून जन्मणारं करडू धड मादी होत नाही, गाभण राहत नाही. वर्षभर चारा घातल्यावर कळतं, म्हणून बोकड घेताना त्याच्या डोक्यावर हात फिरवून बघा, जन्मापासून भुंडा आहे की डागलेला. डागलेला असेल तर कातडीवर केस नसलेला गोल व्रण लागतो.