वाचक विचारतात: मलेशियात फोन, टीव्ही, नेट सगळ्यांवर एकच आयोग?

प्रश्न: मलेशियात फोन, टीव्ही, इंटरनेट सगळं एकाच आयोगाकडे आहे म्हणे, त्याचा ग्राहकाला खरंच काही फायदा होतो का?

उत्तर: हो, एकच आयोग. १९९८ च्या कायद्यानुसार लायसन्स काम बघून मिळतं, म्हणजे टॉवर-केबल वेगळं, नेटवर्क सर्व्हिस वेगळी, टीव्ही-रेडिओचा कंटेंट वेगळा. फायदा विचाराल तर २०१८ बघा, कंपन्या एकमेकांचं नेटवर्क वापरायला जो होलसेल दर लावायच्या त्यावर आयोगाने मर्यादा घातली आणि घरगुती ब्रॉडबँडचे भाव धाडकन उतरले.

फाइव्ह-जीचं मात्र जरा गंडलंच, असं आपलं माझं मत. २०२१ मध्ये डिजिटल नॅशनल बर्हाद ही एकच सरकारी होलसेल कंपनी काढली, म्हणजे नेटवर्क तिने उभारायचं आणि मोबाइल कंपन्यांनी तिला पैसे देऊन ते वापरायचं, टॉवर भराभर उभे राहिले हे खरंय, पण मोबाइल कंपन्या दर आणि अटींवरून अडून बसल्या, शेवटी दुसऱ्या नेटवर्कला हिरवा कंदील द्यावाच लागला आणि २०२४ मध्ये ते काम यू मोबाइल या मोबाइल कंपनीला मिळालं.

आणि हो, १ जानेवारी २०२५ पासून मलेशियात ८० लाख किंवा जास्त युजर असलेल्या सोशल मीडियालाही लायसन्स लागतं. सगळ्यांनी ते निमूटपणे घेतलं असं काही नाही हं!