अपडेट रोज सकाळी कोण बंद करतं?

प्रश्न: कोपरखैरण्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी एक वापरलेला डेस्कटॉप घेतला. विंडोज ११ प्रो विकणाऱ्यानेच टाकून दिलं. गेले दोन महिने अपडेट येत नाहीत. ओळखीच्या एका मुलाने सांगितलं की 'सर्व्हिसेस'मध्ये विंडोज अपडेट 'डिसेबल्ड' झालंय, ते 'मॅन्युअल' करा. रात्री तसं करून मी दुकान बंद करते. सकाळी नऊला मशीन लावलं की पुन्हा डिसेबल्ड! मशीनच बदलायला हवं का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर: ताई, मशीन बदलू नका. आणि रोज रात्री ती सर्व्हिस, म्हणजे अपडेट आणणारं विंडोजचं पडद्यामागचं काम, चालू करणंही आजपासून थांबवा, कारण त्याने फक्त दिवस वाया जातात. विंडोज १० पासून स्वयंचलित अपडेट कायमचे बंद करायचं साधं बटण सेटिंग्जमध्ये ठेवलेलंच नाही. फार तर एका वेळी पाच आठवडे थांबवता येतात. म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी मागच्या दाराने आत शिरून ती सर्व्हिस बंद करतंय. तो माणूस असेल, एखादा प्रोग्रॅम असेल, नाहीतर व्हायरस. कोण आहे ते शोधायचं, मग बाकीचं सोपं आहे.

त्या मुलाने 'मॅन्युअल' सांगितलं ते बरोबर. बऱ्याच जणांना वाटतं की तिथे 'ऑटोमॅटिक' दिसायला हवं. तसं नाही. ही सर्व्हिस गरज लागली की जागी होते आणि काम झालं की थांबते. त्यामुळे 'मॅन्युअल' दिसलं, अगदी थांबलेली दिसली, तरी घाबरायचं कारण नाही. खोट फक्त 'डिसेबल्ड'मध्ये आहे.

आता शोध. विंडोज स्वतःची एक रोजनिशी ठेवतं. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टिम' उघडा, उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' दाबून ७०४० हा आकडा घाला. एखाद्या सर्व्हिसची सुरू होण्याची पद्धत कुणी बदलली की हा क्रमांक नोंदला जातो. यादीत 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस'च्या भरपूर नोंदी दिसतील. त्या रोजच्याच आहेत, सोडून द्या. तुम्हाला 'विंडोज अपडेट' डिसेबल्ड झाल्याची ओळ हवी आहे. तिची तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि 'युजर'समोरचं नाव वहीत लिहून घ्या. असं चार दिवस करा.

वेळ दरवेळी मशीन सुरू झाल्यानंतर मिनिट-दोन मिनिटांतली असेल, तर मशीनबरोबर सुरू होणारा प्रोग्रॅम हे करतोय. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये आणि 'टास्क शेड्यूलर'मध्ये पाहा. 'पीसी फास्ट करून देतो' म्हणणारे क्लीनर किंवा मुद्दाम अपडेट अडवणारी छोटी सॉफ्टवेअर तिथे सापडतात. वेळ दुपारची असेल आणि नाव तुमच्या दुकानातल्या खात्याचं असेल, तर मदतनीस मुलाला विचारा. पण रागावू नका. फॉर्मची शेवटची तारीख, समोर रांग, आणि मशीन रीस्टार्ट मागतंय, अशा वेळी कुणीही तो मार्ग शोधेल. त्याला 'ॲक्टिव्ह अवर्स' दाखवा. त्यात दुकानाची वेळ घातली की त्या तासांत मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. ही मुदत १८ तासांपर्यंत ठेवता येते. महिन्याचे मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्या बुधवारी दुकान बंद करताना दहा मिनिटं जास्त थांबलात तर काम होऊन जाईल.

मात्र तुमच्या पत्रातलं 'विकणाऱ्यानेच टाकून दिलं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझा संशय तिथेच आहे. विंडोज चोरवाटेने ॲक्टिव्हेट करणाऱ्या काही साधनांबरोबर अपडेट बंद करणारी कामंही मशीनमध्ये रुजवली जातात. तपासायचं असं: विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, एस-एल-एम-जी-आर ही पाच इंग्रजी अक्षरं सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि एक्स-पी-आर टाइप करा. 'कायमचं ॲक्टिव्हेट' असा अर्थ निघाला तर तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नका, पण एक शंका कमी झाली. उलट येत्या १८० दिवसांतली संपण्याची तारीख दिसली, तर ती मोठ्या कार्यालयांसाठी असलेली पद्धत आहे. दुकानातल्या एकट्या मशीनवर तिचं काही काम नाही.

तसं निघालं तर डागडुजी नको. फाइली बाहेर काढा, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि नव्याने टाका. खर्चाची धास्ती आत्ताच घेऊ नका. मशीन कंपनीतून विंडोजसकट निघालं असेल, तर त्याच्या परवान्याची किल्ली (प्रॉडक्ट की) बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेट होतं. आवृत्ती मात्र जुळायला हवी. किल्ली होमची असेल तर प्रो टाकून चालणार नाही.

तोवर एक काम आजच करा. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होईल, साधारण पाव तास लागेल. उघडे फॉर्म आधी सेव्ह करा.

मी हे इतकं लावून का धरतोय, ते सांगतो. २००९ मध्ये वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात मला बोलावलं होतं. तक्रार तुमचीच: अपडेट चालू करतो, पुन्हा बंद होतात. मालकांनी पंधरा दिवस तेच बटण दाबलं होतं. मी सहज एका अँटिव्हायरस कंपनीचं संकेतस्थळ उघडायला गेलो, ते उघडेना. बातम्यांची, बँकेची, सगळी पानं उघडत होती. मग लक्षात आलं. तो कॉन्फिकर नावाचा व्हायरस होता. तो अपडेट बंद करायचा आणि औषध मिळेल अशा पानांची वाटही अडवायचा. गिऱ्हाइकं डिझाइन पेन ड्राइव्हवर आणायची, त्यावरूनच तो आत आला असावा. सात मशिनींच्या नेटवर्कच्या वायर काढून आम्ही दोन रात्री साफसफाई केली. कॉन्फिकर नोव्हेंबर २००८ मध्ये दिसला, आणि ज्या भगदाडातून तो शिरत असे ते बुजवणारा अपडेट २३ ऑक्टोबर २००८ लाच निघाला होता. त्या सातांपैकी एकाही मशीनवर तो नव्हता.

तुमच्या दुकानातही दिवसभर अनोळखी पेन ड्राइव्ह लागतात, ताई. आणि तुमच्या 'डाउनलोड्स'मध्ये लोकांची आधार कार्डं, मुलांच्या मार्कशीट आणि बँकेची पासबुकं पडलेली असतील. ती आज रात्रीच पुसून टाका. अपडेटचं निस्तरेपर्यंत त्या मशीनवर कुणाचं बँकेचं कामही करू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, नौपाड्यात राहतो. लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतो. अपडेट दिसतात, पण आपोआप उतरत नाहीत. माझ्याकडेही कुणी बंद करतंय का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही, सर. हॉटस्पॉटला विंडोज 'मीटर्ड कनेक्शन' समजत असावं. तुमचा डेटा संपू नये म्हणून ते थांबून राहतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीसमोरचं 'मीटर्ड' बंद करा. डेटा मोजका असेल तर ते तसंच राहू द्या, आणि महिन्यातून एकदा लॅपटॉप घेऊन कुणा नातेवाइकाकडे जा, जिथे ब्रॉडबँड आहे. चार्जर न विसरता न्या.