टायमिंग कमी होईना, उलट वाढायला लागलंय

प्रश्न: सर नमस्कार. आर्मीच्या अग्निवीर जीडी (जनरल ड्युटी) भरतीची लेखी निघाली, ग्राउंड म्हणजे शारीरिक चाचणी दीड महिन्यावर आलीय. रोज चारला उठतो, डांबरीवर पाच किलोमीटर, त्यानंतर एक १६०० मीटर फुल टायमिंग लावून, मग बीम (पुल-अप्स), संध्याकाळी शंभरचे स्प्रिंट आणि ३०० बैठका. रविवारी पण सुट्टी घेत नाही. दिवाळीत टायमिंग ५.३८ होतं, आता ५.५६ येतंय. पाय जड वाटतात, दमलेलो असूनही रात्री झोप लागत नाही, दोन्ही नळ्या (नडग्या) दुखतात. बरोबरची पोरं म्हणतात तू कमी पडतोयस, वर्कआउट वाढव. काय वाढवू? — एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर: झोप वाढव. बाकीचं जवळपास सगळं कमी करायचंय.

तुमच्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळे सल्ला द्यायला अख्खं गाव मोकळं असतं आणि प्रत्येकजण "अजून घाम गाळ" एवढंच सांगतो. पण तू लिहिलंयस ते नीट वाच बघू, टायमिंग १८ सेकंदांनी वाढलं, झोप गेली, पाय उचलत नाहीत. मेहनत कमी पडली की असं होत नाही. मेहनत जास्त झाली आणि भरून यायला वेळच मिळाला नाही की असं होतं, यालाच ओव्हरट्रेनिंग म्हणतात. आणि या टप्प्यावर पोरगं घाबरून अजून पळतं, मग अजून स्लो होतं, दरवर्षी भरतीच्या सीझनला हेच बघतोय.

तुझी मुख्य गडबड रोजच्या १६०० मध्ये आहे. ती परीक्षा आहे रे, प्रॅक्टिस नाही. पहिल्या ग्रुपसाठी, म्हणजे पूर्ण मार्कांसाठी, साडेपाच मिनिटं लागतात. साडेपाच मिनिटांत १६०० म्हणजे ४०० चा एक राउंड साधारण ८२ सेकंदात, आणि तू रोज सकाळी थकलेल्या पायांनी तो ८९ ने मारतोयस, म्हणजे शरीराला सवय कशाची लागतेय, तर ८९ ची. दम आणि मसल काही आठवड्यांत सुधारतात, हाडाचं तसं नसतं. पळण्याचा ताण आला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि नंतर नवा भरतं, या भरण्याला महिने लागतात. मधल्या काळात ते कच्चं असतं आणि नेमकं तेव्हाच आपण डांबरीवर आपटत असतो. म्हणून छाती म्हणते पळ आणि नळी म्हणते थांब.

आता नळीचं बघू. खुर्चीवर बस, पाय मोकळा सोड, आणि गुडघ्याखालून घोट्यापर्यंत नळीच्या आतल्या कडेवरनं अंगठा दाबत दाबत खाली ये. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर ती सूज आहे, पळणं थांबवलं की उतरते. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा लागला आणि तू ओरडलास, किंवा त्या पायावर लंगडी घालताना तिथंच कळ येते, किंवा रात्री झोपेत ठणकतं, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय धरायचा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, त्याआधी एक पाऊलही पळायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे क्लीन येऊ शकतो, त्यामुळे "एक्स-रेमध्ये काही नाही" ऐकून लगेच शूज घालू नकोस, दुखणं तसंच असेल तर एमआरआय लागेल का ते डॉक्टरांना विचार.

सूजच असेल असं धरून सांगतो. हा आठवडा रनिंग बंद. सायकल चालव, विहिरीत किंवा तळ्यात पोहता येत असेल तर पोह, दम शाबूत राहतो, काळजी नको. चालताना आणि लंगडी घालताना अजिबात दुखत नाही असं झालं की पुन्हा सुरू कर, ते पण डांबरी सोडून, कॅनॉलच्या कडेचा मातीचा रस्ता किंवा शाळेचं ग्राउंड बघ. आठवड्यात फक्त दोन दिवस कडक. एका दिवशी ४०० चे चार-पाच राउंड ८० ते ८२ सेकंदात, प्रत्येक राउंडनंतर अडीच-तीन मिनिटं चालायचं, आणि ज्या राउंडला टायमिंग घसरलं तिथंच थांबायचं, कोटा पूर्ण करायला पळायचं नाही. दुसऱ्या दिवशी २०० चे सात-आठ किंवा ८०० चे दोन. बाकी दोन-तीन दिवस हळू, इतकं हळू की शेजारच्या पोराशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, गप्पा बंद पडल्या म्हणजे तू जोरात पळतोयस. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे दुपारी क्रिकेटची मॅच नव्हे. १६०० चं टायमिंग दहा-बारा दिवसांनी एकदा लावायचं, बस. शेवटच्या आठ-दहा दिवसांत एकूण पळणं निम्म्यावर आण, थोडे २०० फास्ट ठेव, शेवटचे दोन दिवस नुसतं चालणं. या दहा दिवसांत पोरांना वाटतं दम चालला, काही जात नाही दम.

बीम एक दिवसाआड. मार्कांचं गणित तुला माहीत असेलच, दहा मारले तर ४०, नऊला ३३, सहाला १६, त्यामुळे पोरं रोज लटकतात आणि मग कोपर धरून बसतात. रोज हात सुटेपर्यंत मारायची गरज नाही, आठ येत असतील तर पाच-पाचचे चार सेट, मध्ये भरपूर आराम. नऊ फुटी खड्डा (उडी मारून ओलांडायचा) आणि झिगझॅगला (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) फक्त पास व्हायचं असतं, आठवड्यातनं एकदा केलं तरी पुरे. त्या ३०० बैठका सोडून दे. आणि हे सगळ्यांसाठीच, चॅलेंज म्हणून किंवा शिक्षा म्हणून एकदम पाचशे-हजार बैठका मारल्यावर मांड्या सुजून दगड झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, मसल फुटून त्यातलं द्रव्य किडनीवर जातं, लिंबूपाणी पिऊन थांबायचं नाही.

झोपेचं तू चारला उठतो एवढंच लिहिलंस, झोपतो कधी ते लिहिलं नाहीस. मोबाईल ठेवायला अकरा वाजत असतील तर पाच तासांत काय भरून निघणार? थंडीचे दिवस आहेत, सहाला पळालास तरी चालतंय. आठ तास झोप आणि सकाळी डोळा उघडल्यावर अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोज, कॅलेंडरवर लिही. आरामाच्या आठवड्यात जो आकडा येईल तो तुझा नॉर्मल. पुढे दोन-तीन दिवस सलग सात-आठ ठोके जास्त येत असतील आणि झोपही बिघडली असेल तर त्या दिवशीचं कडक वर्कआउट कॅन्सल. पळून आल्यावर चहा-बिस्किटावर दुपारपर्यंत राहू नकोस, तासाभरात पोटभर खा, भाकरी, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, जे घरात आहे ते. सोमवारचा उपवास असेल तर सोमवारी ४०० चे राउंड ठेवू नकोस, देव काही म्हणणार नाही.

प्रश्न: मुलगी आर्मीच्या वीमेन मिलिटरी पोलीस भरतीची तयारी करतेय. वजन उतरल्यावर धावणं सुधारलं म्हणून तिनं भाकरी बंद केली, रात्री फक्त काकडी-ताक घेते. चार महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात ग्राउंड करणाऱ्या मुलींचं असंच असतं. खरं का? — एक आई, जि. बुलढाणा

उत्तर: ताई, नाही. मैत्रिणी म्हणतात ते ग्राउंडवर सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर गरजेपुरतं चालू ठेवतं आणि बाकीचं बंद करतं, त्यात पाळी पहिली जाते. पाळी गेली म्हणजे हाडाला जपणारं हार्मोनही कमी झालं, आणि अशा मुलींना नळीला किंवा पायाच्या पंजाला चीर पडण्याचा धोका जास्त असतो. आत्ता टायमिंग सुधारलेलं दिसेल, दोन महिन्यांनी तीच मुलगी लंगडत असते.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. पाळी थांबायला इतरही कारणं असतात, ती त्या तपासतील. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड आणि व्हिटॅमिन डीचंही तिथं विचारा, नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणून टॉनिकची बाटली घेऊन परत येऊ नका. तोपर्यंत कडक वर्कआउट बंद, भाकरी चालू, रात्री डाळ-भात-भाजी आणि झोपताना दूध. तिला १६०० साडेसात मिनिटांत मारलं की पहिला ग्रुप मिळतो, आठ मिनिटांपर्यंत दुसरा, शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. उडी मारायला मांडीत ताकद लागते ताई, ती काकडीतनं येत नाही. आणि एक, तिला रागावून सांगू नका, वजन कमी झाल्यावर सगळ्यांनी कौतुक केलेलं असतं, त्यात घरचेही असतात.

प्रश्न: ग्राउंडच्या दिवशी पेनकिलरची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळालं तर चालतं का? सगळेच घेतात. — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: सगळे घेत नाहीत, जे घेतात ते बोलतात म्हणून तसं वाटतं. गोळीनं दुखणं कळेनासं होतं, चीर तिथंच असते आणि शेवटच्या राउंडला जोर लावताना ती वाढू शकते. त्यात रात्रभर रांगेत उभं राहून पाणी कमी प्यायलेलं असतं, अशा वेळी ही औषधं किडनीला जड जातात. आणि १६०० निघाली तरी पुढे मेडिकल आहेच, तिथं डॉक्टर चालायला लावतात, बसायला लावतात, लंगडणं लपत नाही. गोळीशिवाय पळता येत नसेल तर आत्ताच डॉक्टरकडे जा, ग्राउंडच्या आदल्या रात्री नको. रिपोर्टिंग बऱ्याचदा मध्यरात्रीनंतरचं असतं, तर आदल्या दुपारी दोन-तीन तास झोप काढ, पाण्याची बाटली आणि केळी पिशवीत ठेव, आणि नंबर यायच्या आधी तासभर वॉर्मअप करत बसू नकोस, दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.