टीम प्लेयर आधी ओळखता येतो का?

प्रश्न : मी एका कंपनीत भरतीचे काम पाहते. व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन 'सांभाळून घेणारी' माणसेच निवडावीत, असा आमच्या साहेबांचा आग्रह आहे. उपयोग होईल? (पुणे)

साहेबांना आधी एक प्रयोग सांगा. व्हार्डा लिबरमन, स्टीव्हन सॅम्युएल्स आणि ली रॉस यांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या वसतिगृहांत मुलांना जवळून ओळखणारे साहाय्यक असतात. हमखास सहकार्य करणारे कोण आणि हमखास दगा देणारे कोण, अशी नावे त्यांच्याकडून मागवली. मग या मुलांना 'कैद्यांचा पेच' खेळायला बसवले. दोघांनी सहकार्य केले तर दोघांचाही बऱ्यापैकी फायदा. एकानेच दगा दिला तर त्याची चांदी आणि दुसऱ्याला भुर्दंड. दोघांनी दगा दिला तर दोघेही रिकाम्या हाती.

नियम सगळ्यांना सारखेच होते, फक्त खेळाचे नाव वेगळे. निम्म्यांना सांगितले, हा 'वॉल स्ट्रीट गेम', म्हणजे अमेरिकेतल्या शेअर बाजाराच्या नावाचा. निम्म्यांना सांगितले, हा 'कम्युनिटी गेम'. पहिल्याच डावात वॉल स्ट्रीटवाल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी सहकार्य केले, कम्युनिटीवाल्यांपैकी दोन तृतीयांशांनी. आणि साहाय्यकांचे अंदाज? त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. 'सज्जन' आणि 'लबाड' म्हणून निवडलेली मुले जवळपास सारखीच खेळली. इस्रायलमध्ये वैमानिक प्रशिक्षणार्थींवर हाच प्रयोग झाला, तेव्हा प्रशिक्षकांचे अंदाजही असेच फसले.

महिनोन्‌महिने सोबत असलेल्यांना जे जमले नाही, ते अर्ध्या तासाच्या चाचणीला जमेल असे मला वाटत नाही. शिवाय नोकरी हवी असलेला उमेदवार 'मी भांडकुदळ आहे' या वाक्यापुढे खूण करेल कशाला? चाचणीवर पैसे घालण्यापूर्वी तुमचा बोनस कसा वाटला जातो ते तपासा. दहा जणांच्या टीममध्ये 'सर्वोत्तम' एकालाच ठरवायचे आणि मग एकमेकांना मदत करा म्हणायचे, हे तुमच्याकडे चालते का?

प्रश्न : म्हणजे स्वभाव वगैरे सगळे थोतांडच? (कोल्हापूर)

नाही, इतके टोक गाठू नका. इसाबेल थीलमन, जुलियाना स्पादारो आणि डॅनियल बॅलिएट यांनी २०२० मध्ये अशा खेळांवरचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले. स्वभावाचा परिणाम दिसतो. तो माफक असतो आणि परिस्थिती मोकळीक देते तिथेच दिसतो. सीसीटीव्हीखाली बसलेल्या कॅशियरच्या प्रामाणिकपणाबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही. समोरचा पूर्ण तुमच्या हातात असतो, तो उलट काही करू शकत नाही, तेव्हा मात्र 'प्रामाणिकपणा-नम्रता' या गुणात वरचढ असलेली माणसे जास्त वाटा सोडतात. समंजसपणाचा कस वेगळ्या वेळी लागतो. समोरच्याने आधी फसवले असेल तरी ती माणसे लगेच उट्टे काढत नाहीत. दोन्ही गुण एकाच माणसात असतील असे नाही. स्वतःहून कोणालाही न फसवणारा, पण एकदा दुखावला की वर्षानुवर्षे न विसरणारा नातेवाईक बहुतेक घरांत असतो.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावे बोर्डावर लावावीत का? (डोंबिवली)

लावण्याआधी थोडे थांबा. झुरिचमध्ये फिशबाकर, गेख्टर आणि फेर यांच्या २००१ च्या प्रयोगात प्रत्येकाने सामाईक निधीत हवे तेवढे पैसे टाकायचे होते. निधी वाढवून सगळ्यांत सारखा वाटला जाई, न देणाऱ्यालाही. सुमारे निम्मे लोक 'बाकीचे देतील तर मीही देईन' या जातीचे निघाले आणि साधारण एक तृतीयांश निव्वळ फुकटे. तुमचा खरा गिऱ्हाईक हा पहिला गट आहे. अशा खेळात डावागणिक निधी आटत जातो, कारण फुकट्यांकडे पाहून देणारेही हात आखडतात. वीस नावांची यादी फुकट्याला लाजवेल की नाही कोण जाणे. पण नियमित भरणाऱ्याला ती एवढे नक्की सांगते, की वीस जण न भरता मजेत आहेत.

शिक्षेचा उपयोग होतो, हेही खरे. स्वतःच्या खिशाला खार लावून दुसऱ्याला दंड करण्याची सोय दिली, तेव्हा फेर आणि गेख्टर यांच्या प्रयोगांत निधी पुन्हा वाढला. पण हरमन, थोनी आणि गेख्टर यांनी हाच खेळ १६ शहरांत नेला (२००८), तेव्हा अथेन्स, मस्कत अशा काही ठिकाणी भलतेच घडले. जास्त देणाऱ्यांनाच दंड होऊ लागला! 'मोठा आला शहाणा' हा सूर सोसायटीच्या सभेत तुम्ही ऐकला असेलच. तेव्हा दंड शेजाऱ्या-शेजाऱ्यांत नको. उपविधींत व्याजाची तरतूद आहे, ती सर्वांना सारखी लावा, अध्यक्षांच्या मेहुण्यालाही. आणि बोर्डावर किती घरांनी वेळेत भरले तो आकडा लावा. तो आकडाच लाजिरवाणा असेल, तर आधी घरोघरी जाऊन बोला.

प्रश्न : माझा भागीदार म्हणतो, धंद्यात सगळेच चोर. त्याचा अनुभवही तसाच आहे. (सोलापूर)

अनुभव खरा असेल, पण तो घडवण्यात त्याचाही हात असेल. केली आणि स्टाहेल्स्की यांनी १९७० मध्ये हे दाखवले. कुरघोडीवृत्तीच्या खेळाडूसमोर सहकार्य करणारेही दोन-चार डावांत तसेच खेळू लागतात. मग तो म्हणतो, 'बघा, मी म्हणालो नव्हतो?' सहकार्य करणाऱ्याला मात्र दोन्ही प्रकारची माणसे भेटतात. ग्राहकांशी पहिले बोलणे काही दिवस तुम्ही करून पाहा.

प्रश्न : पूर्वी गावात एकी होती, आता माणसेच बदलली, असे वडील म्हणतात. (धुळे)

माणसे बदलली की कामे? जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी १५ छोट्या समाजांत असे खेळ खेळवले (२००१). त्यांतल्या एका खेळात एकाने पैशांची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती नाकारली तर दोघांनाही काही नाही. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा आपापल्या कुटुंबापुरते राबतात. ते समोरच्याला सरासरी चौथा हिस्साच देऊ करत, आणि समोरचाही तो मुकाट घेई. इंडोनेशियातले लामालेरा होड्या घेऊन एकत्र देवमाशाची शिकार करतात. ते निम्म्याहून जास्त देत. केनियातल्या ओर्मा लोकांनी निधीचा खेळ बघताच ओळखला, की हा तर 'हरांबे', म्हणजे शाळेसाठी वगैरे गावाने वर्गणी काढण्याची त्यांची रीत. त्यांनी हात सैल सोडला. वय, पैसा, स्त्री-पुरुष यांवरून एकाच समाजातल्या माणसांतला फरक फारसा उलगडला नाही. रोजचे पोट कसे भरते यावरून समाजासमाजांतला बराच उलगडला.

तुमच्याच पांझरा नदीवरची, शेतीचे पाणी वाटण्याची फड पद्धत घ्या. एका फडात सगळ्यांचे पीक एकच, पाट साफ करायला सगळे, आणि पाणी सोडणार त्यासाठी नेमलेला पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही. ज्याला पाणी चोरायचे त्याला संधीच कमी, आणि चोरले तर दिसणार. पुढे घरोघरी विहीर आणि पंप आला. पाण्यासाठी शेजाऱ्याशी जमवून घ्यायची गरजच उरली नाही, मग पाट साफ करायला कोण येणार?