एग अल्ब्युमिनच्या टेस्टवरून अर्क 'अँटी-आर्थ्रायटिक' आहे असं लिहिता येईल का?

तुम्ही विचारलंय की पानांच्या अर्काला एग अल्ब्युमिन डीनॅचरेशनमध्ये (अंड्यातलं प्रोटीन तापवून बिघडवायचं आणि अर्क ते किती अडवतो ते बघायचं) भरपूर इन्हिबिशन, म्हणजे अडवण्याची टक्केवारी, मिळालंय, तर प्रोजेक्टमध्ये 'अँटी-आर्थ्रायटिक' (संधिवातावर गुणकारी) लिहू का, की रॅटवर मॉडेल, म्हणजे उंदरांत तसा आजार निर्माण करून तपासणी, करावंच लागेल. लिहू नका. आणि आधी हे बघा की टक्केवारी कुठल्या फॉर्म्युल्यानं काढलीय.

आमच्या लॅबमध्ये असाच एक मिथेनॉल एक्स्ट्रॅक्ट होता, गडद हिरवा, वरच्या डोसला जवळजवळ काळाच. 660 नॅनोमीटरला रीडिंग घेतली, सीनियरनं हिशोब केला आणि इन्हिबिशन शंभराच्या वर गेलं, तुलनेला ठेवलेल्या डायक्लोफिनॅक या सूज कमी करणाऱ्या औषधाच्याही पुढे! सगळे खूश, पेपरचं टायटलसुद्धा ठरलं. मी विचारलं, शंभराच्या वर म्हणजे नेमकं काय अडवलं, जेवढं गढूळ होणारच होतं त्याहून जास्त कसं अडेल? वही बघितली तर टेस्ट (अर्क घातलेलं रीडिंग) भागिले कंट्रोल (अर्काशिवायचं रीडिंग), वजा एक, गुणिले शंभर. अहो, प्रोटीन जितकं बिघडेल तितका गढूळपणा वाढतो आणि अॅब्सॉर्बन्सही (प्रकाश किती अडला त्याचं रीडिंग) वाढतो, म्हणजे टेस्टचं रीडिंग कंट्रोलपेक्षा कमी यायला हवं, आणि या फॉर्म्युल्यात ते जितकं जास्त तितका अर्क भारी! मी अल्ब्युमिन न घालता नुसता बफर आणि अर्क तसाच तापवला, तर रीडिंग जवळपास तेवढंच. येणारच, क्लोरोफिल नेमकं 660 च्या आसपासच प्रकाश शोषतं. सीनियरचं उत्तर काय, तर "सगळे हाच फॉर्म्युला वापरतात." वापरतात हे खरंय, छापूनही येतं, पण म्हणून ते बरोबर होत नाही. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

आता मॉडेलचं. कॅरॅजिननचं पॉ एडिमा (रॅटच्या पायात कॅरॅजिनन टोचून सूज आणायची; विंटर आणि सहकाऱ्यांचं, 1962 चं) चांगलं आहे पण ती काही तासांची सूज, सुरुवातीला हिस्टामिन-सिरोटोनिन आणि नंतर प्रोस्टाग्लँडिन. त्यावरून 'अँटी-इन्फ्लमेटरी' म्हणा, पुढे जाऊ नका. संधिवाताबद्दल बोलायचं तर फ्रॉइंड्स कम्प्लीट अॅडज्युव्हंट (इम्युनिटी भडकवून संधिवातासारखा आजार आणणारं इंजेक्शन) लागेल, आणि त्यातही इंजेक्शन न दिलेला पाय बघा, कारण तिथे साधारण दहा-बारा दिवसांनी येणारी सूज इम्युनिटीमुळे असते. पहिल्या दिवसापासून डोस दिलात तर आजार रोखला एवढंच सिद्ध होतं, सूज आल्यावर सुरू केलात तर उपचाराबद्दल काही म्हणता येईल. सूज मोजायला पाय द्रवात बुडवतात, म्हणून घोट्यावर मार्करची रेघ मारा आणि पाय बुडवणाऱ्याला प्राणी कुठल्या ग्रुपचा आहे ते कळू देऊ नका, रेघेच्या जरा खाली-वर बुडवलं तरी आकडा बदलतो.

अल्ब्युमिन टेस्ट फालतू आहे असं माझं म्हणणं नाही, बऱ्याच अर्कांतून दोन-तीन निवडायला ठीक आहे. फक्त टॅनिन जास्त असेल तर ते स्वतःच प्रोटीनला चिकटून साका आणतं, तेव्हा तिथे जपून. आणि अॅडज्युव्हंटमध्ये प्राण्याला खूप वेदना होतात, त्यामुळे एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय हात लावू नका, आणि इन व्हिट्रोच (प्राण्याबाहेर, नळीत केलेली टेस्ट) चुकलेलं असेल तर मुळात प्राणी वापरूच नका.

म्हणून आजच प्रत्येक डोसचा एक्स्ट्रॅक्ट ब्लँक (अल्ब्युमिनशिवाय नुसता बफर आणि अर्क) लावा, तो टेस्टच्या रीडिंगमधून वजा करा आणि (कंट्रोल वजा टेस्ट) भागिले कंट्रोल, गुणिले शंभर असं पुन्हा काढा. गाइड 'सगळे असंच करतात' म्हणाले तर ब्लँकचं रीडिंग त्यांच्यासमोर ठेवा.